विष मोजायचे कशाने?

विषारीपणा हा पदार्थाला कायमचा चिकटलेला एकच गुण नाही. किती मात्रा गेली, कोणत्या वाटेने गेली, किती काळ जात राहिली आणि कोणाच्या शरीरात गेली, यांवर तो ठरतो. मात्राच विष ठरवते, हा विचार पॅरासेल्सस या वैद्याने १५३८ मध्ये मांडला. ती मात्रा मोजण्याची सर्वांना मान्य होईल अशी रीत मात्र पुढे जवळजवळ चारशे वर्षे नव्हती. १९२७ मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी ती सुचवली. ज्या मात्रेने चाचणीतील निम्मी जनावरे दगावतात, ती मात्रा शोधायची आणि जनावराच्या वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगायची. हीच मध्यम घातक मात्रा, म्हणजे एलडी-५०.

या आकड्याचे वजन किती मानायचे, यावर विषशास्त्राच्या दोन टोकांना दोन मते आहेत. एक मत पदार्थ बाजारात येण्याआधी त्याची चाचणी करणाऱ्यांचे, दुसरे तो पोटात किंवा अंगावर गेल्यावर रुग्ण सांभाळणाऱ्यांचे. पुढील संवादात पहिली बाजू कीटकनाशकांच्या चाचण्या करणारी विषशास्त्रज्ञ मांडते, तर दुसरी कापूसपट्ट्यातल्या सरकारी रुग्णालयातला डॉक्टर.

विषशास्त्रज्ञ : ट्रेव्हन यांच्या आधी ‘किमान घातक मात्रा’ शोधली जाई. एका प्रयोगशाळेत एखादा नाजूक उंदीर थोडक्यात मरे, दुसरीकडे दणकट उंदीर दुप्पट मात्रा पचवी, आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नसत. टोकाची जनावरे योगायोगाने हाती लागतात. मात्रा आणि मृत्यू यांचा आलेख मधोमध सर्वांत उभा असतो, त्यामुळे तिथे चूक सर्वांत कमी होते. निम्म्याचा आग्रह त्यासाठी आहे, डॉक्टर. डिजिटॅलिससारख्या औषधाची एक खेप दुसरीपेक्षा किती जहाल आहे, हे ठरवायला असा भरवशाचा बिंदू हवा होता.

डॉक्टर : म्हणजे औषधाच्या खेपा ताडून पाहायला काढलेला आकडा पुढे कीटकनाशकाच्या बाटलीवर जाऊन बसला. माझा आक्षेप तिथून सुरू होतो, मॅडम.

आक्षेपाकडे वळण्याआधी आकडा कसा निघतो ते पाहायला हवे. समजा, चाळीस उंदरांचे दहा-दहाचे चार गट केले. त्यांना किलोमागे ५०, १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम असा डोस दिला. उंदरांना आदल्या रात्री उपाशी ठेवतात, सकाळी प्रत्येकाचे वजन करतात आणि टोकाला गोल मणी असलेल्या सुईने पदार्थ थेट जठरात सोडतात. पहिल्या अर्ध्या तासात नजर हटत नाही, मग दिवसभर ठरावीक अंतराने आणि त्यानंतर चौदा दिवस रोज पाहणी होते. लाळ गळते का, अंग थरथरते का, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या का, हे सारे नोंदवहीत जाते. समजा, चार गटांत अनुक्रमे १, ३, ७ आणि ९ उंदीर मेले. मात्रा दरवेळी दुप्पट झाली असल्याने हिशेब लॉगरिदमच्या पट्टीवर करावा लागतो, आणि निम्म्याचा बिंदू १५० वर न येता १४१ च्या आसपास येतो. अमेरिकी शास्त्रज्ञ चेस्टर ब्लिस यांनी १९३० च्या दशकात वाकडा आलेख सरळ रेषेत बसवण्याची प्रोबिट पद्धत दिली. तिने एलडी-५० सोबत त्या रेषेचा चढही मिळतो.

चढाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि ते योग्य नाही. दोन पदार्थांची एलडी-५० शंभरच असू शकते. पण एकाने ८० पर्यंत जवळजवळ कोणी मरत नाही आणि १२५ ला जवळजवळ सारे मरतात, तर दुसऱ्याने १० लाच मृत्यू सुरू होतात आणि हजाराला काही जनावरे तग धरून असतात. पहिल्यात घसरायला जागा कमी, दुसऱ्यात थोडीशी मात्राही कोणाच्या तरी जिवावर बेतते. बाटलीवरच्या एका आकड्यात हा फरक दिसत नाही.

विषशास्त्रज्ञ : तरीही त्या आकड्याने केवढा पल्ला एका पट्टीवर आला ते पाहा. उंदराला तोंडावाटे दिल्यास साखरेची एलडी-५० किलोमागे सुमारे ३०,००० मिलिग्रॅम, अल्कोहोलची ७,०००, मिठाची ३,०००, अॅस्पिरिनची २००, सोडियम सायनाइडची सहाच्या आसपास. बोट्युलिनम विषाची तर किलोमागे एक नॅनोग्रॅमच्या घरात. सगळ्यांना नुसते ‘विष’ म्हणण्यापेक्षा हे बरे नाही का?

डॉक्टर : तुम्हीच वाट बदलली, मॅडम. साखर तोंडाने दिलेली आहे आणि बोट्युलिनम टोचलेले. शिवाय टोचले ते लहान जातीच्या उंदराला. एका यादीत बसवले की वाचणाऱ्याला वाटते, तुलना झाली.

विषशास्त्रज्ञ : मान्य. तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे असे तीन वेगळे आकडे द्यावेच लागतात. हवेतल्या विषासाठी आम्ही मात्रा न सांगता हवेतले प्रमाण आणि वेळ सांगतो, ‘चार तासांची एलसी-५०’ अशी. थर्मामीटरमधला पारा गिळला तर फारसा शोषला जात नाही, पण त्याची वाफ फुफ्फुसात गेली तर बहुतेक सगळी रक्तात उतरते. पदार्थ एकच, आणि नुकसानात मात्र मोठी तफावत.

वाटेसारखाच प्रश्न जनावराच्या जातीचा. याचे सर्वांत ठळक उदाहरण टीसीडीडी या डायॉक्सिनचे. गिनिपिगला ते किलोमागे एका मायक्रोग्रॅमच्या आसपास मारते, तर हॅमस्टरला त्याच्या हजारपटीहून जास्त लागते. दोन्ही कुरतडणारे प्राणी, दोन्ही पिंजऱ्यात वाढलेले. माणूस यांपैकी कोणाच्या बाजूला उभा आहे, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. कोणत्याही आकड्याशेजारी जात लिहिण्याची शिस्त यातूनच आली.

भारतात या आकड्याला कायद्याचे बळ आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक डब्यावर चौकोन उभा करून छापतात. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो आणि वरच्यात इशारा. तोंडावाटे एलडी-५० एक ते पन्नास असेल तर लाल रंग, त्यासोबत कवटी आणि ‘विष’ ही सूचना. ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५,००० ला निळा आणि त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळ्या मर्यादा आहेत. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही रंग कळतो, हा या पद्धतीचा खरा गुण.

डॉक्टर : गुण खराच. पण रंगाचा अर्थ काय निघतो, ते पाहा. लाल म्हणजे जीवघेणे, पिवळे म्हणजे त्याहून बरे, निळे म्हणजे चालते. पॅराक्वॉट हे तणनाशक घ्या. उंदरातला आकडा दीडशेच्या आसपास, म्हणजे पिवळा पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही ते ‘मध्यम धोकादायक’ गटात. प्रत्यक्षात ते पोटात गेलेला रुग्ण दाखल झाला की आमच्याकडे त्यावर उतारा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो बोलतो-चालतो, मग मूत्रपिंडे आणि फुफ्फुसे जातात. मृत्यूचे प्रमाण अनेक रुग्णालयांत निम्म्याच्या आसपास. उंदराच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

विषशास्त्रज्ञ : एका पदार्थावरून पद्धत मोडीत काढता येणार नाही.

डॉक्टर : मग तीन घेऊ. श्रीलंकेतल्या ८०२ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट आणि फेन्थिऑन. तिन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट, तिन्ही एकाच ‘मध्यम’ गटात. क्लोरपायरिफॉसने ८ टक्के रुग्ण दगावले, फेन्थिऑनने १६.२ आणि डायमेथोएटने २३.१ टक्के. उंदरात मात्र क्लोरपायरिफॉस सुमारे १३५ आणि डायमेथोएट १५० च्या आसपास, म्हणजे डायमेथोएट किंचित सौम्यच. माणसात तेच तिपटीने घातक ठरले.

हा फरक का पडला, याचे उत्तर विषशास्त्रासाठी मोलाचे आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरातल्या कोलिनएस्टरेज या एंझाइमला चिकटतात आणि नसांचे संदेश थांबेनासे होतात. लाळ, घाम, जुलाब, बारीक बाहुल्या आणि शेवटी श्वास बंद, ही सारी लक्षणे त्यातून येतात. प्रालिडॉक्सिम हे औषध चिकटलेले विष सोडवू शकते, पण काही वेळाने ती जोड पक्की होते आणि मग औषधाचा उपयोग राहत नाही. डायमेथोएटसारख्या डायमिथाइल रचनेत निम्मी जोड सुमारे पावणेचार तासांत पक्की होते. क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल रचनेत त्याला सुमारे तेहतीस तास लागतात. खेड्यातून रुग्णालयात पोचेपर्यंत पहिल्या गटातल्या रुग्णाची संधी बहुतेक निसटलेली असते. प्रयोगशाळेतल्या उंदराला कोणी अॅट्रोपिन देत नाही, प्रालिडॉक्सिम देत नाही, कृत्रिम श्वासावरही ठेवत नाही. त्यामुळे एलडी-५० हे उपचाराविना होणाऱ्या मृत्यूचे माप आहे, आणि रुग्णालयातले प्रमाण उपचार करूनही होणाऱ्या मृत्यूचे. शिवाय उंदराला बहुधा शुद्ध रसायन देतात. बाटलीत त्याच्यासोबत द्रावक असतो, आणि डायमेथोएटच्या बाबतीत द्रावकही विषबाधेत भर घालतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

विषशास्त्रज्ञ : ही आकडेवारी मी नाकारत नाही. पण डॉक्टर, ८०२ माणसे आजारी पडल्यावर ती मिळाली. नवा रेणू बाजारात येण्याआधी तुमच्याकडे कोणता आकडा असतो? एकही नाही. माणसांवर विषाची चाचणी करता येत नाही, करूही नये. आधी सांगू शकणारे माप फक्त आमच्याकडे आहे. आणि रुग्णालयाची टक्केवारीही निखळ नसते. कोणी किती घेतले, कोणत्या तालुक्यातून किती तासांनी आला, तिथे व्हेंटिलेटर होता की नाही, हे सगळे त्या टक्केवारीत मिसळलेले असते.

डॉक्टर : म्हणून तर एकाच भागातली, एकाच पद्धतीने उपचार झालेली माणसे तुलनेला घेतली. आधीचा आकडा तुमचा, हे मान्य. माझे म्हणणे एवढेच की नंतरचा आकडा हाती आल्यावर आधीच्याने जागा सोडावी. श्रीलंकेने ती सोडायला लावली. २००८ ते २०११ या काळात पॅराक्वॉट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि कीटकनाशकांनी होणारे मृत्यू घटले. आपल्याकडे रंग अजून उंदरावरूनच ठरतो.

या मुद्द्यावर डॉक्टरांची बाजू वरचढ आहे, असे म्हणावे लागते. माणसांतला पुरावा उपलब्ध असताना त्याआधीच्या अंदाजावर डब्याचा रंग ठेवणे हे शास्त्राच्याही विरुद्ध जाते. मात्र नव्या पदार्थाची चाचणी कशी व्हावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही, आणि त्या बाबतीत प्रयोगशाळा जुन्या जागी थांबलेली नाही. साठ-साठ जनावरांचा बळी घेणारी जुनी एलडी-५० चाचणी ओईसीडी या संघटनेने २००२ अखेर आपल्या मार्गदर्शिकांतून काढून टाकली. तिच्या जागी आलेल्या ठरावीक मात्रा पद्धतीत ५, ५०, ३०० आणि २,००० मिलिग्रॅम याच पायऱ्या वापरतात. प्राणी मरेपर्यंत थांबत नाहीत. विषबाधेची स्पष्ट लक्षणे कोणत्या पायरीवर दिसली, ते पाहून वर्ग ठरवतात. चढउतार पद्धतीत एका वेळी एकाच जनावराला मात्रा देतात. ते जगले तर पुढच्याला मात्रा वाढवायची, मेले तर कमी करायची, आणि थोडक्या जनावरांत आकडा हाती येतो.

एकदाच घेतलेली मात्रा हा विषारीपणाचा एक कोपरा झाला. थॅलिडोमाइडने जगाला हे फार मोठी किंमत घेऊन शिकवले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध विक्रीला आले, तेव्हा जनावराला मारेल एवढी मात्राच सापडत नाही, ही त्याच्या सुरक्षिततेची खूण मानली गेली. १९६१ अखेर ते मागे घेतले, पण त्या औषधामुळे दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांच्या व्यंगासह जन्मली. एलडी-५० ने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबरच दिले होते. गर्भाविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते.

डॉक्टर : आणि फवारणी करणारा माणूस एका दिवसात मरत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे त्याच्या अंगात जाते. त्याचे माप काय?

विषशास्त्रज्ञ : त्यासाठी नव्वद दिवसांच्या आणि दोन वर्षांच्या चाचण्या असतात. त्यांत मृत्यू मोजत नाहीत. यकृताचे वजन, रक्तातली एंझाइमे, पेशींतले बदल पाहतात. ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला काहीही वाईट परिणाम दिसला नाही, ती परिणामरहित मात्रा. तिला शंभराने भागले की माणसाने रोज आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मात्रा मिळते.

शंभराचा हा भाजक अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये मांडला. आज तो दोन दहांचा गुणाकार मानला जातो. एक दहा माणूस जनावरापेक्षा नाजूक असू शकतो म्हणून, दुसरा माणसामाणसांत फरक असतो म्हणून. जनावरांतली परिणामरहित मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम असेल, तर माणसासाठी ती ०.१ आणि पन्नास किलोच्या व्यक्तीसाठी दिवसाला ५ मिलिग्रॅम. हा भाजक निसर्गनियम नव्हे, सावधगिरीचा करार आहे. परिणामरहित मात्रेत एक खोटही आहे. थोडी जनावरे घेऊन ढिसाळ चाचणी केली की बारीक परिणाम नजरेतून सुटतो आणि ती मात्रा फुगते, म्हणजे वाईट कामाला बक्षीस मिळते. त्यावर केनी क्रम्प यांनी १९८४ मध्ये बेंचमार्क मात्रा सुचवली. संपूर्ण आलेखावरून ठरावीक टक्के परिणाम देणारी मात्रा काढायची आणि तिची सांख्यिकीय खालची मर्यादा धरायची. इथे चाचणी ढिसाळ असेल तर मर्यादा आपोआप खाली येते.

कर्करोगाची तुलना आणखी फसवी आहे, कारण लोक ज्या यादीकडे बोट दाखवतात ती तुलनेसाठी बनलेलीच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात तंबाखू, सुपारी, मद्य आणि प्रक्रिया केलेले मांस एकत्र आहेत. याचा अर्थ चौघांचा धोका सारखा असा नाही. चौघांविरुद्धचा पुरावा सारखा भक्कम आहे, एवढेच तो गट सांगतो. किती मात्रेने किती जणांना रोग होईल, हा हिशेब प्रत्येकासाठी वेगळा करावा लागतो.

डॉक्टर : आतापर्यंत तुम्ही एका वेळी एकच रसायन मोजलेत. माझ्याकडे येणाऱ्याने एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली असतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, तुम्हाला ठाऊक आहे. कापूस माणसाच्या उंचीला गेला होता, फवारा डोक्याच्या पातळीवर, उकाडा प्रचंड, अंगात साधा सदरा. शेकडो जण दाखल झाले, किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या मिश्रणाची एलडी-५० कोणत्या कोष्टकात आहे?

विषशास्त्रज्ञ : नाही, तशी कुठेच नाही. एकाच रीतीने काम करणाऱ्या पदार्थांची बेरीज आम्हाला येते. डायॉक्सिनच्या कुळात टीसीडीडीला १ धरून इतरांना ०.१, ०.०१ असे गुणक दिले आहेत, त्यांवरून अख्ख्या मिश्रणाचे एक माप निघते. पण एक विष दुसऱ्याचा निचरा अडवत असेल, तर बेरीज कमी पडते. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरियाविरोधी मोहिमेत मॅलाथिऑन फवारणाऱ्या साडेसात हजार कामगारांपैकी सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण गेले. मॅलाथिऑनचा उंदरातला आकडा दोन हजारांच्या वर, म्हणजे निळा पट्टा. काही मालात आयसोमॅलाथिऑन ही अशुद्धी तयार झाली होती, आणि जे एंझाइम मॅलाथिऑन निकामी करते त्यालाच ती अडवत होती.

डॉक्टर : मग बाटलीवरचा आकडा शेतातल्या माणसाला लागू करायचा कसा?

विषशास्त्रज्ञ : तो आकडा पदार्थाची ताकद सांगतो. शेतातला धोका ताकद आणि संपर्क मिळून होतो. यवतमाळमध्ये संपर्क बेसुमार होता. तिथे उंदराच्या कोष्टकात शोधण्यापेक्षा त्या माणसाच्या रक्तात मोजायला हवे होते.

ही मोजणी अवघड नाही. कोलिनएस्टरेज रक्ताच्या लहानशा नमुन्यात मोजता येते, आणि मिश्रणात कोणती ऑर्गॅनोफॉस्फेट होती हे माहीत नसले तरी त्यांचा एकत्रित परिणाम त्यात उतरतो. पायरेथ्रॉइडसारख्या इतर कुळांतली औषधे त्यात दिसत नाहीत, ही तिची मर्यादा. निरोगी माणसांतही या एंझाइमची पातळी बरीच कमी-जास्त असते. म्हणून तुलना सरासरीशी न करता त्या माणसाच्या स्वतःच्या आधीच्या पातळीशी करतात. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी देखरेख कायद्याने होते. पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतली ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातली ६० टक्क्यांवर उतरली की कामगाराला फवारणीवरून काढायचे, आणि पुन्हा ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत पाठवायचे नाही.

डॉक्टर : आमच्याकडे रुग्ण येतो तेव्हा पातळी खाली असते, पण कशाच्या तुलनेत, हे सांगायला मूळ आकडाच नसतो.

विषशास्त्रज्ञ : तो पहिल्या फवारणीच्या आधीच घ्यावा लागतो. आपल्याकडे जूनमध्ये, पेरणीच्या सुमाराला, गावच्या आरोग्य उपकेंद्रात. या एका गोष्टीवर तुमच्या-माझ्यात वाद नाही.